बडोद्यात बसून सिंगापूरच्या चिनी कचेरीचा नोकरवर्ग कसा शोधावा

एखाद्या वसाहतीत एखाद्या समाजावर राज्य कसे चालले, हे पाहायचे झाले की बहुतेक अभ्यासक आधी कायद्याचे पुस्तक उघडतात. कायद्यावरून सरकारची इच्छा कळते. त्या सरकारचा हात प्रत्यक्षात कुठवर पोहोचत होता, हे समजण्यासाठी मात्र पगारपत्रक पाहावे लागते. बडोद्यातील मराठी वाचकाला हे फार समजावून सांगण्याची गरज नाही. इथल्या कित्येक घरांतले आजोबा-पणजोबा हुजूर कचेरीत किंवा फडणिशीत कारकून होते, आणि हुकूम कोणाच्या सहीने निघाला यापेक्षा अर्ज कोणाकडे अडकला, याची माहिती त्या घरांत अधिक नेमकी असे. तीच नजर सिंगापूरच्या ‘चायनीज प्रोटेक्टोरेट’कडे, म्हणजे १८७७ पासून १९४२ पर्यंत तेथील चिनी लोकांचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश कचेरीकडे कशी वळवावी, आणि तिच्या नोकरवर्गाचा विश्वासार्ह तक्ता कसा तयार करावा, हे येथे सांगायचे आहे. यातील बहुतेक काम बडोद्यात संगणकासमोर बसून करता येते.

कामाला हात घालण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी पक्की करून घ्यावी. सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का मिळून झालेल्या स्ट्रेट्स सेटलमेंट्सचा कारभार १८२६ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होता आणि पुढे अनेक वर्षे तो कलकत्त्याहून हाकला जाई. १ एप्रिल १८६७ रोजी ही वसाहत हिंदुस्थान सरकारकडून काढून लंडनच्या वसाहत खात्याकडे देण्यात आली. ही तारीख टिपून ठेवलीच पाहिजे, कारण कागद कोठे शोधायचे हे तिच्यावर ठरते. त्याआधीचा पत्रव्यवहार दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार, कोलकात्याचे राज्य अभिलेखागार आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दफ्तर यांत विखुरलेला आहे. त्यांपैकी दिल्लीचा काही भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. त्यानंतरचा पत्रव्यवहार लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ही कचेरी निघालीच का, हे ठाऊक असावे. सिंगापुरात चिनी लोक बहुसंख्य होते. १८८१ च्या खानेसुमारीत त्यांची संख्या ८६ हजारांहून अधिक भरली. असे असूनही १८७२ पर्यंत चिनी बोलू आणि वाचू शकेल असा एकही युरोपियन अधिकारी सरकारपाशी नव्हता. त्या वर्षी विल्यम पिकरिंग हा गृहस्थ दुभाषी म्हणून नेमला गेला. त्याने चिनी जकात खात्यात आणि फोर्मोसा (आजचे तैवान) बेटावर काही वर्षे काढली होती आणि त्याला चिनीच्या अनेक बोली येत होत्या. सरकारी जाहीरनाम्यांची चिनी भाषांतरे त्याने तपासली, तेव्हा सरकारच्याच पगारी दुभाष्यांनी त्यांत युरोपियनांचा उल्लेख ‘लाल केसांचे रानटी’ असा केल्याचे आढळले. सरकार आपल्याच नावाने काय छापले जात आहे, याविषयी इतकी वर्षे अंधारात होते.

डिसेंबर १८७६ मध्ये याचा दुसरा पुरावा मिळाला. चिनी मजूर गावी पाठवत असलेली पत्रे आणि पैसे सरकारी टपालातून जावेत म्हणून एक चिनी उपटपाल कचेरी उघडण्यात आली आणि ती चालवण्याचे काम काही चिनी व्यापाऱ्यांकडे सोपवण्यात आले. आजवर हा धंदा ज्यांच्या हाती होता, त्यांचे पोट त्याने मारले गेले. भिंतींवर धमकीची पत्रके लागली, कचेरीवर जमाव चालून गेला, गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुढच्याच वर्षी चिनी स्थलांतरितांविषयीचा आणि मजुरांना फसवून नेण्याविषयीचा असे दोन कायदे झाले, आणि पिकरिंग पहिला ‘प्रोटेक्टर ऑफ चायनीज’ म्हणून नॉर्थ कॅनॉल रोडवरच्या एका साध्या दुकानघरात बसू लागला. चिनी वस्तीतले ते दुकानघर आणि सरकारी इमारतींचा दिमाख यांतले अंतर मुद्दाम राखलेले असावे, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. माझा आग्रह असा, की सिंगापूरच्या कागदांना हात लावण्यापूर्वी महिनाभर बडोदा संस्थानाच्या कागदांवर हात बसवावा. सर टी. माधवराव १८७५ मध्ये दिवाण झाल्यापासून संस्थानाचे वार्षिक कारभार-अहवाल छापले जाऊ लागले. शहरातील अभिलेखागारात आणि जुन्या ग्रंथालयांत त्या काळची छापील व हस्तलिखित सामग्री पाहायला मिळते. एखादे लहानसे खाते घ्यावे, सलग दहा वर्षांचे अहवाल घ्यावेत आणि त्या खात्यात कोण, कोणत्या पदावर, किती पगारावर होते याचा तक्ता मांडावा. मोडी येत असेल तर उत्तमच. नसेल तर छापील अहवालांवरही हा सराव होतो. यात दोन गोष्टी अंगवळणी पडतात. एक म्हणजे वर्षाची मोजणी. बडोदा संस्थानाचे हिशेबी वर्ष दीर्घकाळ १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे चालले, तर सिंगापूरची वार्षिक नोंदपुस्तके जानेवारी ते डिसेंबर या वर्षाची असतात. हा फरक विसरला तर एकच माणूस दोनदा मोजला जातो. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. बडोद्यात राज्यकर्ते मराठी, प्रजा मुख्यतः गुजराती आणि दफ्तर बराच काळ मोडीत, त्यामुळे अर्जदार आणि हुजूर यांच्यामध्ये दोन्ही भाषा जाणणारा कोणीतरी माणूस असावाच लागे. तो माणूस यादीत कोणत्या नावाने आणि कोणत्या पगारावर बसला आहे, हे ओळखायची सवय येथेच लागते. सिंगापुरात आपल्याला हेच करायचे आहे. पदनामांचे मराठी रूप ठरवताना अडचण आली, तर १९३१ साली बडोद्यात निघालेला ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील राज्यकारभाराचा कोश जवळ ठेवावा. एकदा ठरवलेले मराठी पदनाम शेवटपर्यंत बदलू नये, आणि मूळ इंग्रजी पदनाम वेगळ्या रकान्यात अक्षरशः उतरवून ठेवावे.

सिंगापूरसाठी मुख्य साधन म्हणजे ‘ब्लू बुक’. प्रत्येक वसाहतीने दरवर्षी लंडनला पाठवायचे हे नोंदपुस्तक असे, आणि त्यात प्रत्येक खात्याचा नोकरवर्ग रकान्यांत मांडलेला असे: पद, नाव, नेमणुकीची तारीख, नेमणूक कोणी आणि कोणत्या हुकमाने केली, वार्षिक पगार, घर किंवा घरभाडे मिळते की नाही, आणि वसाहतीच्या नोकरीत प्रथम कधी लागला. हे रकाने डावीकडून उजवीकडे वाचण्याऐवजी मी उलटे वाचायला सांगेन. सर्वांत उजवीकडची, प्रथम नोकरीची तारीख आणि सध्याच्या पदावरची तारीख यांत बारा-पंधरा वर्षांचे अंतर दिसले, तर हा माणूस आधी कोठे होता, असा प्रश्न लगेच विचारावा. पोलिसांत, न्यायालयात की टपालात? न्यायालयातून आलेला दुभाषी आणि जहाजांवर चढून मजूर मोजणारा दुभाषी यांच्या ओळखीपाळखी सारख्या नसतात. ‘नेमणूक कोणी केली’ हा रकानाही असाच बोलका आहे. लंडनच्या मंत्र्याने नेमलेला आणि स्थानिक गव्हर्नराने नेमलेला, अशी विभागणी केली की वरचा आणि खालचा वर्ग पगार न पाहताही वेगळा दिसू लागतो.

क्यू येथील दफ्तरात स्ट्रेट्स सेटलमेंट्सचा मूळ पत्रव्यवहार सी. ओ. (कलोनियल ऑफिस, म्हणजे वसाहत खाते) २७३ या मालिकेत आहे, विधिमंडळापुढे ठेवलेले कागद २७५ मध्ये, सरकारी गॅझेट २७६ मध्ये आणि ब्लू बुकसारखी संकीर्ण सामग्री २७७ मध्ये. हे आकडे पाठच करावेत, कारण इतर अभ्यासकांच्या तळटिपांत तेच दिसतील आणि त्यावरून कोणता पुरावा कोणत्या जातीचा आहे हे क्षणात कळेल. प्रत्यक्ष पाने पाहण्यासाठी आधी इंटरनेट आर्काइव्ह आणि सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह चाळावा. अधिकाऱ्यांच्या नोकरीचे संक्षिप्त वृत्तान्त हवे असतील तर १८६२ पासून दरवर्षी निघणारी ‘कलोनियल ऑफिस लिस्ट’ पाहावी. मात्र तिच्यात वरचे अधिकारीच सापडतात.

वरच्या अधिकाऱ्यांची यादी करणे त्यामानाने सोपे असते. तरी तिच्यात एक मोठी गफलत होऊ शकते. वसाहतींमधले अधिकारी लांबलांब रजेवर मायदेशी जात. एक गेला की त्याच्या जागी दुसरा हंगामी बसे, दुसऱ्याच्या जागी तिसरा, आणि अशी साखळी खालपर्यंत सरके. त्यामुळे एकाच वर्षी एका पदासमोर दोन-तीन नावे दिसतात. मूळ पद आणि हंगामी पद यांसाठी दोन स्वतंत्र रकाने ठेवल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. १८८७ हे वर्ष यासाठी मुद्दाम तपासावे. १८ जुलै रोजी एका चिनी सुताराने कचेरीतच पिकरिंगच्या कपाळावर कुऱ्हाडीचे पाते फेकून मारले. पिकरिंग वाचला, पण त्यानंतर त्याची नोकरी फार काळ चालली नाही. अशा आकस्मिक पोकळीत खालच्या कोणाला वर सरकवले, त्याला कोणती बोली येत होती आणि ती जागा भरायला किती वेळ लागला, यावरून त्या कचेरीपाशी माणसांचा साठा किती तुटपुंजा होता हे कळते.

हा तुटवडा दूर करण्यासाठी सरकारने ‘कॅडेट’ पद्धत वापरली. तरुण इंग्रज परीक्षेतून निवडायचे, त्यांना चीनमध्ये भाषा शिकायला पाठवायचे आणि मग चिनी कचेरीत घ्यायचे, असा हा मार्ग होता. होक्कियन शिकायची तर अमॉय, तिओच्यू शिकायची तर स्वाटौ, कँटनीज शिकायची तर कँटन. १८९६ पासून ही परीक्षा हिंदुस्थानच्या आय. सी. एस. परीक्षेसोबत एकत्र घेतली जाऊ लागली, म्हणजे एकाच यादीतला एक उमेदवार मुंबई इलाख्यात आणि दुसरा सिंगापूरला जाऊ शके. फरक असा, की आय. सी. एस.चा दरवाजा हिंदी माणसासाठी निदान किलकिला होता, तर मलायाच्या वरिष्ठ नोकरीत विसाव्या शतकाच्या आरंभी आई-वडील दोन्ही बाजूंनी शुद्ध युरोपियन वंशाचा असण्याची अट घालण्यात आली. सिंगापुरात जन्मलेल्या, तिथेच शिकलेल्या, तीन बोली अस्खलित बोलणाऱ्या चिनी तरुणाला त्याच्याच समाजाच्या कचेरीत कारकून किंवा दुभाषी यापलीकडे जाता येत नसे. १९३०च्या दशकात स्थानिकांसाठी एक निराळी सनदी सेवा निघाली, त्यावरूनच आधीची भिंत किती पक्की होती ते समजावे. म्हणून तक्त्यात ‘भाषा’ हा रकाना ठेवताच त्याच्या शेजारी ‘पगार’ ठेवावा. ज्याला अधिक बोली येतात त्याला अधिक पगार, असे समीकरण बसत नाही हे दोन्ही रकाने लगत असले की लपत नाही.

खालच्या नोकरवर्गाकडे आता यावे, आणि येथे घाई करू नये. अनेक वर्षांच्या नोंदींत शिपाई आणि तत्सम नोकर नावाने येत नाहीत. केवळ संख्या आणि एकूण पगार दिलेला असतो. अशी ओळ आली की ती टाकून न देता ‘नाव नाही’ अशी नोंद करून तक्त्यात घ्यावी. मग कचेरीची कामे एका बाजूला मांडावीत: चीनहून आलेल्या जहाजावर जाऊन नव्या मजुरांची, ज्यांना तेथे सिन्खे म्हणत, चौकशी करणे, ज्याचे भाडे मुकादमाने उधार भरले आहे अशा मजुराचा करार नोंदवणे, चिनी लोकांच्या शपथबद्ध गुप्त मंडळ्यांची नोंदणी, स्त्रिया आणि मुलींच्या विक्रीची चौकशी, भांडणात तडजोड. आरंभीची कित्येक वर्षे मंडळ्यांच्या नोंदणीचे काम पिकरिंग आणि पोलीसप्रमुख डनलॉप यांच्याकडे संयुक्तपणे होते. ही कामे आणि समोरची माणसे यांचा मेळ घालून पाहिला की उरलेले काम कोण करत होते, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

त्याचे उत्तर पगारपत्रकात पुरते मिळत नाही, कारण ती माणसे पगारी नव्हतीच. १८९० पर्यंत मंडळ्यांच्या पुढाऱ्यांकडूनच सरकार बरेच काम करून घेई. १८८९ चा सोसायटीज कायदा १८९० मध्ये अमलात आला, मंडळ्या बेकायदा ठरल्या, आणि त्याच सुमारास वेगवेगळ्या बोलींच्या गटांतील प्रतिष्ठित व्यापाऱ्यांचे एक सल्लागार मंडळ उभे राहिले. निराश्रित मुलींसाठीच्या पो लेउंग कुक या संस्थेच्या समितीतही असेच व्यापारी होते. म्हणून मुख्य तक्त्याला ‘बिनपगारी’ अशी पुरवणी जोडावी आणि गॅझेटमधील नेमणुकांच्या जाहिराती पाहून ती भरावी. ही पुरवणी न जोडता ‘इतक्या थोड्या माणसांनी एवढ्या मोठ्या समाजावर राज्य केले’ असे लिहिणारे लेख मी बरेच वाचले आहेत. त्यांत ब्रिटिश कार्यक्षमतेचे कौतुक असते आणि फुकट राबवलेल्या माणसांचा पत्ता नसतो.

पैशाच्या रकान्याने मात्र भलेभले फसतात. १८६७ पूर्वी सरकारी हिशेब रुपयांत आणि बाजार डॉलरमध्ये, अशी स्थिती होती. त्यानंतर डॉलर आले, पण ते चांदीचे. चांदीचा भाव घसरत गेला तसा पौंडात मोजलेला पगार आणि डॉलरमध्ये मोजलेला पगार यांत फारकत पडत गेली. १९०६ मध्ये स्ट्रेट्स डॉलरची किंमत २ शिलिंग ४ पेन्स अशी बांधून देण्यात आली. पगार पौंडात ठरलेल्या युरोपियनाला चांदीच्या घसरणीचा फटका बसत नसे, डॉलरमध्ये ठरलेल्या चिनी कारकुनाला तो बसे. बडोद्याच्या जुन्या हिशेबात बाबाशाही (संस्थानी) आणि कलदार (ब्रिटिश) रुपयांचा वटाव ज्याने सोडवला आहे, त्याला हे अवघड जाणार नाही. नियम एकच: मूळ आकडा मूळ चलनात लिहावा, रूपांतर शेजारी वेगळ्या रकान्यात करावे, आणि १९०६ च्या अलीकडचा दर पलीकडच्या वर्षांना लावू नये.

नावांबाबतही शिस्त हवी. जे आडनाव होक्कियन माणूस ‘लिम’ असे सांगेल, तेच कँटनीज माणूस ‘लाम’ आणि मँडरिन बोलणारा ‘लिन’ असे सांगेल. शिवाय इंग्रज कारकून कानाला ऐकू येईल तसे लिहून मोकळा होई. गायकवाड हे आडनाव इंग्रजी कागदांत किती तऱ्हांनी लिहिलेले सापडते ते आठवावे. स्पेलिंग सारखे दिसले म्हणून दोन नोंदी एकाच माणसाच्या मानू नयेत, आणि स्पेलिंग निराळे म्हणून वेगळ्याही मानू नयेत. नेमणुकीची तारीख जुळते का, ते पाहावे. आधुनिक पिनयिन (मँडरिन उच्चाराचे रोमन लिपीतले) रूप आपल्या मनाने बसवणे तर कटाक्षाने टाळावे.

यादीतून माणूस एकाएकी नाहीसा झाला, तर तो वारला किंवा बडतर्फ झाला असे धरून चालू नये. १८९६ मध्ये पेराक, सेलांगोर, नेग्री सेंबिलान आणि पहांग यांचे मलाय संघराज्य झाले; त्याचे सरकार वेगळे, नोंदपुस्तक वेगळे, पण चिनी जाणणारे अधिकारी दोन्हीकडे फिरत. जी. टी. हेअर हा अधिकारी असाच संघराज्यात चिनी व्यवहारांचा सचिव झाला. खालच्या माणसांसाठी वृत्तपत्रे उपयोगी पडतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘न्यूजपेपरएसजी’ या संग्रहात १८४५ पासून निघणारा ‘स्ट्रेट्स टाइम्स’ शोधता येतो. दुभाष्यांवर लाच घेतल्याचे खटले, कारकुनांच्या बदल्या, निरोप समारंभ हे सारे तेथे मिळते. शोधताना पदनाम आणि वर्ष टाकावे. नावाने शोधले तर स्पेलिंगच्या घोळामुळे निम्मे हातचे निसटते.

तुलनेसाठी हाँगकाँग घ्यावे. तेथे हेच काम रजिस्ट्रार जनरलकडे असे आणि १९१३ मध्ये त्या पदाला चिनी व्यवहारांचा सचिव हे नाव मिळाले. हाँगकाँग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १८४२ ते १९४१ या काळातील सरकारी अहवाल संकेतस्थळावर खुले ठेवले आहेत, त्यामुळे हे काम बडोद्यातून सिंगापूरपेक्षाही सुलभ होते. डॅनियल कॉल्डवेल याचे प्रकरण तर वाचलेच पाहिजे. चिनी अस्खलित बोलणारा जवळपास हा एकच अधिकारी, त्यामुळे सरकारला त्याच्यावाचून चालेना; तो रजिस्ट्रार जनरल आणि चिनी लोकांचा संरक्षक झाला, चाच्यांशी संबंध असलेल्या माणसाशी त्याचे लागेबांधे असल्याचे आरोप झाले, चौकश्या झाल्या आणि १८६१ मध्ये त्याला नोकरीतून काढण्यात आले. त्याच वर्षी हाँगकाँगची कॅडेट योजना ठरली. पहिल्या तीन कॅडेटांतला सेसिल क्लेमेंटी स्मिथ पुढे सिंगापूरचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत सोसायटीज कायदा आला. डच बताव्हियाची (आजच्या जकार्ताची) तुलना मात्र नवख्याने करू नये. तेथे चिनी समाजातीलच माणसांना कपितान आणि मेजर नेमून त्यांच्याकरवी राज्य चालवण्याची परंपरा १६१९ पासूनची. तेथील चिनी मंडळाचे, म्हणजे कोंग कोआनचे, दफ्तर लायडन विद्यापीठात आहे आणि ते वाचायला चिनी, डच व मलाय या भाषा लागतात.

शेवटी तक्त्याची मांडणी. एक्सेलमध्ये एका ओळीत एक माणूस आणि एक वर्ष, एवढेच असावे. वर्ष, मूळ इंग्रजी पद, मराठी पद, नाव मूळ स्पेलिंगप्रमाणे, मूळ (कायम) पद, हंगामी पद, प्रथम नोकरीची तारीख, नेमणूक करणारा, पगार मूळ चलनात, रूपांतरित पगार, ज्ञात बोली, आणि पुराव्याचे पान, हे रकाने पुरेसे आहेत. पहिल्या खेपेला १८७७ ते १८९० एवढाच काळ घ्यावा. पिकरिंगची नेमणूक आणि सोसायटीज कायद्याचा अंमल या दोन टोकांमध्ये तो नीट बसतो. १९१४ मध्ये चिनी करारबद्ध मजुरी बंद झाल्यावर कचेरीच्या कामाचे स्वरूपच पालटते, तेव्हा तो काळ वेगळ्या तक्त्यात घ्यावा. प्रत्येक ओळीपुढे पुराव्याचे पान त्याच बैठकीत लिहावे, आणि जी ओळ एकाच साधनावर उभी आहे तिला रंग देऊन ठेवावा, म्हणजे पुढे गॅझेट किंवा वृत्तपत्र हाती आले की आधी कोणत्या ओळी तपासायच्या ते शोधत बसावे लागणार नाही.